मजुरीची तारीख आधी ठरवा, कामाची नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमची संस्था युगांडाच्या वायव्येला, वेस्ट नाईल भागात, दक्षिण सुदानी निर्वासितांच्या एका वसाहतीत आणि तिच्या शेजारच्या गावांत कामाच्या बदल्यात रोख मजुरी देणारा प्रकल्प पहिल्यांदाच घेते आहे. ४०० मजूर, प्रत्येकाला ६० दिवस काम, मार्च ते जून. कामं तीन: जोडरस्त्याची दुरुस्ती, एक साठवण तळं आणि झाडांची लागवड. मजुरी किती ठेवावी? निर्वासित आणि स्थानिक यांचं प्रमाण काय असावं? आणि यातून खरंच उपजीविका उभी राहते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. साठ दिवसांच्या मजुरीतून उपजीविका उभी राहत नाही. तसं तुमच्या अहवालात लिहूही नका. पण ती मजुरी खात्रीची असेल, म्हणजे किती मिळणार, कोणत्या तारखेला मिळणार आणि कधी थांबणार हे घर चालवणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी पक्कं ठाऊक असेल, तर ती त्या पैशाच्या भरवशावर पुढचं काहीतरी ठरवते. शेळी घेते, शेजारच्या गावात जमिनीचा तुकडा खंडाने घेते, बचत गटात हप्ता धरते. तेवढीच रक्कम बेभरवशाची आली तर उधारी फेडण्यात जाते. या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की रकमेपेक्षा खात्री मोठी. पुढे जे सांगतोय ते सगळं याच मापाने मोजून सांगतोय.

पहिली दुरुस्ती तुमच्या वेळापत्रकात. मार्च ते जून हा काळ बदला. तिथला कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये पाऊस धरला की माणसं पेरणीला लागतात, आणि तेव्हा तुम्ही त्यांना रोजंदारीवर बोलावलंत तर रोख रकमेसाठी ती येतील आणि शेत मागे पडेल. जूनमध्ये तुमची मजुरी थांबेल, आणि शेतात जे उभं असायला हवं होतं ते अर्धंच असेल. पहिलं पीक हाती येण्याआधीचे आठवडे तिथे सगळ्यात ओढीचे असतात आणि नेमके तेव्हाच तुम्ही हात काढून घेतलेला असेल. शिवाय पावसात लाल मुरुमाच्या रस्त्यावर खोदकाम करणं म्हणजे आज भरलेलं उद्या वाहून जाणं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, आठवड्याला पाच दिवस धरले तर बारा आठवड्यांत, मार्चअखेर, साठ दिवस पुरे होतात. लागवडीचं काय, ते पुढे येतंच आहे.

आता प्रमाण. युगांडाचं धोरण जगातल्या उदार धोरणांपैकी एक आहे. २००६ चा निर्वासित कायदा आणि २०१० चे नियम यांनी निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला आहे. म्हणून जॉर्डन किंवा बांगलादेशातली नियमपुस्तिका इथे जशीच्या तशी आणू नका. जॉर्डनमध्ये २०१६ च्या करारानंतर सीरियन लोकांसाठी दोन लाख रोजगारसंधींचं उद्दिष्ट ठरलं आणि सगळी चर्चा वर्क परमिटभोवती फिरली. कॉक्स बाजारमध्ये रोहिंग्यांना औपचारिक नोकरीचा हक्कच नाही, त्यामुळे छावणीत गटार खोदणारा माणूस कागदावर ‘स्वयंसेवक’ असतो आणि त्याच्या मजुरीला ‘मानधन’ म्हणावं लागतं. तुमच्याकडे ही अडचण नाही. तुमचा मजूर मजूरच आहे, आणि म्हणून मजुराचे सगळे हक्क त्याला द्यायची जबाबदारीही तुमच्यावर आहे.

तिथे तुम्हाला सगळे ‘७०:३०’ सांगतील. मदतीचा ३० टक्के वाटा यजमान लोकांपर्यंत जावा असं ते तत्त्व आहे. हजेरीपटावर शंभरात तीसच स्थानिक असावेत असा त्याचा अर्थ नाही. तळं आणि रस्ता जर गाव आणि वसाहत यांच्या मधोमध होणार असतील, तर मी निम्मे-निम्मे घेईन. कारण आकड्यात नाही, जमिनीत आहे. नैर्ऋत्येकडच्या नाकीवालेसारख्या जुन्या वसाहती सरकारी जमिनीवर आहेत. वेस्ट नाईलमधली जमीन मात्र परंपरेने कुळांच्या मालकीची. ऑगस्ट २०१६ मध्ये युम्बे जिल्ह्यात बिदीबिदी ही निर्वासित वसाहत उघडली आणि काही महिन्यांत अडीच लाखांवर माणसं तिथे आली, ती जमीन स्थानिक कुळांनी दिली होती. रस्ता होईल, शाळा होईल, दवाखाना होईल या अपेक्षेने दिली होती. ती अपेक्षा अजून त्यांच्या मनात आहे. तुमच्या कामाकडे ते त्याच नजरेने बघणार, आणि त्यात काही गैर नाही.

आणखी एक गोष्ट गावसभेत बसल्याशिवाय कळत नाही. १९७९ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याची सत्ता गेल्यावर वेस्ट नाईलमधले हजारो लोक स्वतः निर्वासित होऊन सीमेपलीकडे, आज दक्षिण सुदान आणि काँगो आहे तिकडे, गेले होते. पहिल्याच सभेत एका आजोबांनी मला सांगितलं होतं की आज जे आमच्याकडे राहायला आलेत त्यांच्या आईबापांच्या अंगणात आम्ही कित्येक वर्षं काढली आहेत. सभा त्यानंतर तासभर चालली, पण कोणाला किती जागा हा वाद त्या दिवशी परत निघाला नाही. तुमच्या सभेत अशा वृद्धांना बोलू द्या. त्यासाठी वेगळा कार्यक्रम नको, फक्त घाई करू नका.

निवडीबद्दल. चारशे जागांसाठी दोन-तीन हजार माणसं येतील. गरिबीचे निकष लावून यादी करायची आणि ती नेत्यांकडून तपासून घ्यायची, ही पद्धत कागदावर बरी दिसते, पण तिथे जवळजवळ सगळेच गरीब आहेत आणि सत्तराव्या नावाला का घेतलं, एकाहत्तराव्याला का नाही, हे कोणालाही पटवून देता येत नाही. मग नावं विकली जातात. मी असं करतो: मोजके, सगळ्यांना दिसणारे निकष ठेवायचे (घरात अठरा वर्षांवरचं काम करू शकणारं माणूस आहे, त्या घरातून दुसऱ्या कुठल्या प्रकल्पावर कोणी नाही), त्यात बसणाऱ्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि झाडाखाली सगळ्यांसमोर लहान मुलांच्या हातून काढायच्या. ज्याची चिठ्ठी निघत नाही तो हिरमुसतो, पण त्याला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. वसाहतीतले निर्वासित कल्याण समितीचे लोक आणि गावातले एलसी-१ (म्हणजे गावपातळीची स्थानिक परिषद) अध्यक्ष दोघेही तिथे साक्षीला बसले पाहिजेत.

ज्या घरात काम करणारं माणूसच नाही, म्हणजे एकट्या वृद्ध बाईकडे चार नातवंडं, किंवा कर्ता अपंग, त्यांना चिठ्ठीत ढकलू नका. एकूण रकमेतून एक भाग त्यांना विनाकाम थेट द्या. यावर देणगीदार कुरकुरले तरी अडून बसा. अशा आजीने घमेलं उचललंच पाहिजे असं म्हणणारा प्रकल्प मला मान्य नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना हलकं काम द्या: रोपवाटिका, पाणी वाटप, साठवणीची नोंद. कामाच्या जागी सावलीचं पाळणाघर हवंच, नाहीतर दहा वर्षांची मोठी बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळत बांधावर बसलेली दिसेल. तो खर्च अंदाजपत्रकात आत्ताच घाला, नंतर तो कधीच निघत नाही.

मजुरीच्या दराला तिथे कायद्याचा आधार मिळत नाही. युगांडातलं किमान वेतन १९८४ मध्ये ठरलेलं आहे, महिन्याला ६,००० शिलिंग, आणि आज त्याला काहीच अर्थ उरलेला नाही. म्हणून दर बाजारात जाऊन काढावा लागतो. कोळपणीला, विटा पाडायला, गवत कापायला माणूस रोजाने कितीला येतो हे वसाहतीत, गावात आणि जवळच्या बाजारपेठेत वेगवेगळं विचारा, बायांना वेगळं आणि पुरुषांना वेगळं विचारा. नेहमीचा सल्ला असा असतो की दर बाजारभावापेक्षा थोडा कमी ठेवा, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल. मला हा सल्ला पटत नाही. चिठ्ठीने निवड केल्यावर तशा चाळणीची गरजच राहत नाही, आणि कमी दर ठेवून आपण फक्त एवढंच करतो की सगळ्यात भुकेल्या माणसाला सगळ्यात स्वस्तात राबवतो. शेतकऱ्यांचे मजूर पळवले जाऊ नयेत ही काळजी रास्त आहे, पण त्यावरचा उपाय कोरड्या हंगामात काम काढणं आणि दिवस पाच-सहा तासांचा ठेवणं हा आहे. प्रचलित दर द्या. निर्वासिताला आणि स्थानिकाला एकच, बाईला आणि पुरुषाला एकच. आणि जिल्ह्यात रोख मदत देणाऱ्या इतर संस्थांशी दर आधी जुळवून घ्या. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन संस्था वेगळा दर देत होत्या आणि मधल्या नाल्यावर काम आठवडाभर बंद पडलं, हे मी पाहिलंय. चूक मजुरांची नव्हती.

खोदकाम मापावर द्यायचं असेल तर पुस्तकातलं माप घेऊ नका. त्याच जमिनीत, त्याच टिकाव-फावड्याने, मध्यम ताकदीच्या बायका-पुरुषांची एक टोळी दोन दिवस काम करू द्या आणि त्यावरून दिवसाची चौकडी आखा. कोरड्यात ती माती दगडासारखी होते. वरचा हातभर थर निघाला की पुढे वेगळं माप लागतं. टोळ्या वीस-पंचवीस जणांच्या, मिश्र, आणि प्रत्येकीवर दोन मुकादम, त्यांतली एक बाई. भाषेची भीती नको. काक्वा बोलणारे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि जुबा अरबीवर बरंच निभतं.

आता मजुरी वाटप. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रकल्प बुडतात ते इथेच.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात पहिला पगार पाच आठवडे उशिरा झाला. मुख्यालयात एक सही अडली होती, एवढंच. त्या पाच आठवड्यांत मजुरांनी दुकानातून पीठ आणि साबण उधारीवर घेतला, दुकानदाराने उधारीचा भाव वेगळा लावला, आणि काहींनी पुढची मजुरी आधीच कमी पैशात विकून टाकली. पैसे आले त्या दिवशी दुकानदार रांगेच्या तोंडाशीच उभे होते. एका बाईच्या हातात रक्कम पडली आणि ती मोजायच्या आत दुसऱ्याच्या हातात गेली. ती काही बोलली नाही, हात झटकून कामावर परत गेली. आमच्या अहवालात मात्र ‘शंभर टक्के वितरण’ अशी नोंद झाली. तेव्हापासून माझा नियम असा: पहिल्या दोन पगारांचे पैसे जिल्ह्याच्या बँकखात्यात किंवा मोबाइल मनीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय पहिला टिकाव पडणार नाही. पगार दर पंधरा दिवसांनी, वार ठरलेला, आणि सगळ्या तारखा कामाच्या जागी फळ्यावर रंगाने लिहिलेल्या.

मोबाइल मनी सोयीचं आहे, पण ते आपोआप चालत नाही. एक, सिमकार्ड. निर्वासितांना ओळखपत्रावर सिम मिळवणं आता पूर्वीपेक्षा सोपं असलं तरी अनेकांचं सिम नातेवाइकाच्या किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर असतं. पैसे त्या माणसाकडे जातात, आणि तो काही कापून देतो. नावनोंदणीच्याच दिवशी कंपनीच्या लोकांना वसाहतीत बोलवा आणि ज्याच्या नावावर सिम नाही त्याचं तिथेच करून घ्या. बाईच्या मजुरीसाठी बाईच्याच नावाचा नंबर, नवऱ्याचा चालणार नाही.

दोन, नावं. हे ऐकायला बारीक वाटेल. बारी आणि तिच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्यांत मुलांना जन्मक्रमावरून नावं ठेवायची रीत आहे, त्यामुळे पंचवीस जणांच्या टोळीत एकाच नावाच्या चार-पाच बायका सहज निघतात. हजेरीपटावर एक स्पेलिंग, निर्वासित कार्डावर दुसरं, सिमच्या नोंदीत तिसरं. मग पैसे परत येतात किंवा भलतीकडे जातात. हजेरी नावावर नको, क्रमांकावर घ्या. कार्डावर फोटो आणि क्रमांक ठेवा. आणि पहिल्या पगाराच्या आठवडाभर आधी प्रत्येक नंबरवर अगदी थोडी रक्कम पाठवून बघा. कोणाला पोहोचली नाही हे तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

तीन, एजंट. चारशे जणांचे पैसे एका दिवशी आले की बाजारातल्या दोन टपऱ्यांमधली रोकड तासाभरात संपते. मागे राहिलेल्यांना एजंट उद्या या म्हणतो किंवा कमिशन मागतो. एजंटांना तारीख आधी सांगून रोकड आणायला लावा, टोळ्यांचे पगार दोन दिवसांत विभागा. पैसे काढण्याचा आकार आणि काढलेल्या रकमेवरचा अर्धा टक्का सरकारी कर हे दोन्ही मजुरीच्या वर धरून पाठवा, नाहीतर तुम्ही ठरवलेला दर प्रत्यक्षात कोणालाच मिळत नाही.

आणि नावाच्या बदल्यात पैसे किंवा शरीर मागितलं जाणं. याबद्दल उघड बोला. पहिल्या दिवशी प्रत्येक टोळीपुढे, तिच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत सांगा की कामासाठी काहीही द्यावं लागत नाही, कोणी मागितलं तर कुठे सांगायचं, आणि तक्रार केली म्हणून काम जाणार नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती बाई असावी आणि कामावर देखरेख करणाऱ्यांपैकी नसावी. मुकादमाला हजेरीतून नाव काढायचा अधिकार एकट्याने देऊ नका.

तुमच्या तिन्ही कामांत सगळ्यात धोक्याचं तळं आहे. आम्ही एकदा चांगलं तळं खोदलं, कडेला दगडी पिचिंग केलं, पहिल्या पावसात भरलं. पुढच्या कोरड्यात गेलो तर भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण आणि आत फक्त एका घरची गुरं. जमीन त्या कुटुंबाची होती, तोंडी परवानगी थोरल्याने दिली होती, तो गेल्यावर धाकट्याने आपलं म्हटलं. कायद्याने त्याचं फारसं चुकलं नव्हतं, लिहून काहीच नव्हतं. म्हणून खोदण्याआधी लेखी करार: कुटुंबातले सगळे प्रौढ, बायकांसकट, कुळाचे वडीलधारे, एलसी-१ आणि उपकाउंटी (जिल्ह्याखालचं प्रशासन) यांच्या सह्या किंवा अंगठे, पाणी कोण भरणार, गुरं कोणत्या बाजूने उतरणार, गाळ कोण काढणार, हे त्यात. वसाहतीतल्या लोकांचा पाण्यावरचा हक्क नाव घेऊन लिहा. करार महिनाभरात होत नसेल तर तळं सोडा आणि ते मजूर रस्त्यावर वळवा. वसाहतींचा कारभार पंतप्रधान कार्यालयाकडे असतो, त्यांचीही संमती लागेल, पण ती कुळाच्या संमतीला पर्याय नाही.

रस्त्याचं काम सोपं. पाण्याला वाट द्या, बाजूचे चर खोल ठेवा, मोऱ्या बसवा. बाकी जिल्ह्याच्या अभियंत्याला ठाऊक आहे.

झाडांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. एवढी माणसं आली की सरपणासाठी झाडं जातात, मग बायकांना लांब जावं लागतं, वाटेत हल्ले होतात, आणि गावाशी सगळ्यात कडवट भांडणं याच लाकडावरून होतात, विशेषतः शिया (ज्याच्या बियांपासून तेल-लोणी काढतात) हे झाड तोडलं गेलं तर. आणि आपले प्रकल्प काय मोजतात? लावलेली रोपं. डिसेंबरमध्ये गवताला आगी लागतात, मोकाट शेळ्या फिरतात, आणि फेब्रुवारीत तिथे काड्या उरतात. तुमची जानेवारी ते मार्चची मजुरी रोपवाटिकेला द्या: पिशव्या भरणं, पाणी घालणं, सावली करणं. लागवड एप्रिल-मेमध्ये, पण शेतीला धक्का न लावता, छोट्या टोळ्यांनी, काही सकाळींची. आणि एकूण मजुरीतला एक हिस्सा राखून पुढच्या नोव्हेंबरमध्ये आगीचे पट्टे साफ करायला आणि कोरड्या हंगामात राखणीला ठेवा. तो हिस्सा कोणाला, कधी, किती हे आत्ताच जाहीर करा. राखणीला दोन निर्वासित आणि दोन स्थानिक, आणि लाकूड पुढे कसं वाटायचं ते तळ्यासारखंच लिहून.

उपजीविकेकडे परत येतो. बिदीबिदीत घरामागे मिळालेला तुकडा ३० मीटर बाय ३० मीटर होता, म्हणजे जेमतेम नऊ गुंठे, त्यातच झोपडीही. त्यावर घर चालत नाही. ज्यांचं काही जमलं त्यांनी गावातल्या माणसाकडून जमीन खंडाने घेतली. आणि खंडाने जमीन अनोळखी माणसाला कोणी देत नाही. मिश्र टोळीवर माझा एवढा जोर का, ते यासाठी. तीन महिने एकाच चरात खोदल्यावर जी ओळख होते तिच्यातून हे व्यवहार होतात. तुम्ही तिथे एवढंच करा की असे करार लेखी आणि किमान दोन हंगामांचे व्हावेत, कारण पहिल्या हंगामात निर्वासिताने झाडोरा साफ करायचा आणि दुसऱ्यात मालकाने जमीन परत घ्यायची, असं घडतं.

बचत गट तिसऱ्या पगारापासून सुरू करा, आधी नाही. पहिले दोन पगार पोटात आणि उधारीत जातातच. पद्धत तीच, तीन किल्ल्यांची पेटी, ठरलेल्या किमतीचे हप्ते, वर्षाअखेर वाटणी. १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झाल्यापासून ती आफ्रिकेभर टिकून आहे. मजुरीतून सक्तीची कपात मात्र करू नका. आणि शिधा-मदतीबद्दल लोकांच्या मनातली भीती ओळखा. जुलै २०२३ मध्ये युगांडात निर्वासित घरांची तीन गटांत विभागणी झाली, तेव्हा सगळ्यात गरजूंना शिध्याच्या ६० टक्के, मधल्यांना ३०, आणि स्वतःच्या पायावर उभे मानले गेलेल्यांना काहीच नाही असं ठरलं. तुमच्या मजुरीमुळे आपलं घर कमी मदतीच्या गटात जाईल असं वाटून माणसं खोटं नाव देतात किंवा येतच नाहीत. शिधा देणारा संयुक्त राष्ट्रांचा वर्ल्ड फूड प्रोग्राम आणि पंतप्रधान कार्यालय यांच्याकडून लेखी घ्या की साठ दिवसांच्या मजुरीमुळे गट बदलणार नाही, आणि तो कागद सभेत वाचून दाखवा. तसं लिहून मिळत नसेल तर तेही चिठ्ठ्या काढण्याआधी सांगा.

तारखांचं एक राहिलं. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, आणि फी, वही, गणवेश यांसाठी घरं जानेवारीतच पैसे शोधू लागतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं आणि पंधरवड्याने पगार झाले, तर शाळा उघडायच्या आत दोन पगार हातात पडतात. म्हणजे कुळांशी करार ऑक्टोबरमध्ये, चिठ्ठ्या आणि सिमकार्डं नोव्हेंबरमध्ये, पैसे खात्यात डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत. सुट्ट्यांमुळे मुख्यालयातली सही नेमकी तेव्हाच अडते, तेवढं बघा.